मित्रास पत्र: तुझ्या कॉफीच्या बाटलीबद्दल

प्रिय मन्या,

तुझं पत्र मिळालं. बाकीचं सगळं नंतर लिहितो, पण ते "अकरा वाजेपर्यंत कॉफी कोमट होते, बाटली टाकून देऊ का" वाचलं आणि राहवेना. टाकू नकोस रे. आधी एवढं कर, त्या थर्मॉसच्या बाटलीत उकळतं पाणी भर, झाकण लाव आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरव. झाकणाजवळ जरा ऊब लागते ते चालतं, पण बाटलीचं अंगच गरम लागलं तर दोन भिंतींमधल्या पोकळीत हवा शिरली समज, त्याला इलाज नाही. माझी आधीची अशीच गेली. जिन्यात पडली, बुडाशी एवढासा पोचा आला, मला वाटलं काही झालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी कॉफी भरली तर त्या पोच्याच्या आसपास हात ठेवावासा वाटेना इतकी गरम. फार वाईट वाटलं तेव्हा.

त्या बाटलीला दोन भिंती असतात ना, त्यांच्यामधली हवा काढून टाकलेली असते. हवाच नाही म्हटल्यावर उष्णता वाहून न्यायला मध्ये काही उरत नाही, आणि जी किरणांनी निसटते ती चकचकीत भिंत परत आत पाठवते. हे १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाने केलं, तेही कॉफीसाठी नाही, द्रवरूप केलेले वायू थंड राहावेत म्हणून! पेटंट त्याने घेतलंच नाही, मग जर्मनीतल्या राइनहोल्ड बर्गर नावाच्या काच कारागिराने ती वस्तू घरोघरी नेण्यासारखी केली आणि १९०४ पासून थर्मॉस हे नाव आलं. ड्यूअर नंतर कोर्टात गेला तरी हरला. इतकी मोलाची गोष्ट देऊन गेला माणूस, मला त्याच्याबद्दल खरंच हळहळ वाटते.

आता तुझं कुठे चुकतंय ते सांगतो. तू गार बाटलीत सरळ कॉफी ओततोस, मी पाहिलंय. आतलं स्टील गार असतं, ते पहिल्याच मिनिटात कॉफीची उष्णता ओढून घेतं. उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेव, ओतून टाक आणि लगेच कॉफी भर, झाकणापुरती जागा सोडून काठोकाठ. अर्धी भरलेली बाटली लवकर निवते, म्हणून दिवसभराची कॉफी एका मोठ्या बाटलीत नेऊन दर तासाला उघडण्यापेक्षा दोन छोट्या ने, दुसरी दुपारपर्यंत उघडूच नकोस. फरक तुला पहिल्याच दिवशी कळेल.

दूध मात्र वेगळं ने, एवढं माझं ऐक. दुधाची कॉफी तासन्‌तास कोमट राहिली की त्यात जंतू वाढतात, आणि वासही धरतो. काळी कॉफी नीट गाळून भर, तळाला चोथा राहिला तर तो भिजत राहतो आणि संध्याकाळपर्यंत कॉफी कडू होते. बाटली उष्णता धरून ठेवते, सुगंध नाही धरत, तो हळूहळू जातोच, त्यामुळे सकाळची चव संध्याकाळी मिळणार नाही हे धरूनच चाल.

आणि झाकणातली रबरी रिंग कधी काढलीयस का? चमच्याच्या दांड्याने हळूच उचल आणि खाली बघ, तपकिरी चिकट थर बसलेला असेल, तुला जो शिळा वास येतो ना तो बहुतेक तिथलाच. खायचा सोडा गरम पाण्यात घालून बाटली तासभर तशीच ठेव, झाकण उघडं ठेवून, मग ब्रशने घास आणि रात्री उलटी घालून वाळव. ब्लीच नको, स्टील खराब होतं.

अजून एक, तू बाटलीतूनच घोट घेतोस त्याची मला काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयं कर्करोगाला बहुधा कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकलीयत, आणि चांगल्या बाटलीतली कॉफी पहिले काही तास त्याच्या वरच असते. कपात ओत, थोडी निवू दे, मग पी.

आज रात्रीच ती हाताची परीक्षा कर आणि बाटली गार लागली की गरम ते मला कळव. गरम लागली तर माझ्याकडे एक जादा बाटली पडून आहे, ती तुझीच समज.

तुझाच,
बंड्या