डुलकी चालकाची, जबाबदारी मालकाचीही

महामार्गांवरील रात्रीच्या अपघातांविषयीचा अग्रलेख वाचला. चालकांचे प्रबोधन हवेच, पण सारा दोष त्यांच्याच माथी मारणे पटले नाही. युरोपीय संघात साडेचार तास ट्रक चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि टॅकोग्राफ हे यंत्र त्याची नोंद ठेवते. मुख्य म्हणजे, सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालावर मोबदला ठरवण्यास तिथे 2006 च्या नियमानेच बंदी आहे. ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांत माल पाठवणारा आणि भरून देणाराही कायद्याने जबाबदार असतो.

आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच ठरवून दिले होते. मात्र तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता. एक-दोन ट्रकवाल्यांकडे राबणारे त्यातून सुटलेच. कराडजवळच्या ढाब्यांवर पहाटे तोंडावर पाणी मारून पुन्हा स्टिअरिंगवर बसणारे चालक दिसतात. पैसे खेपेवर मिळतात आणि ‘गाडी कुठवर आली?’ म्हणून मालकाचा फोन वाजत असतो. अपघात झाला की गुन्हा मात्र चालकावर.

प्राणांतिक अपघाताच्या तपासात चालकाचे आधीच्या 24 तासांतील कामाचे तास आणि माल पोचवण्याची दिलेली मुदत नोंदवणे राज्य सरकारने पोलिसांना बंधनकारक करावे.

— एक वाचक, कराड