भिंत पडल्यानंतरची नदी

महोदय,

धरणे पाडून नद्या मोकळ्या करण्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. विषय घेतलात हे चांगलेच केलेत, पण त्यातला एक निष्कर्ष खटकला. अमेरिकेतील क्लॅमथ नदीवरची चार धरणे काढताना माशांची लाखो पिल्ले मेली, म्हणजे प्रयोग अंगाशी आला, असा लेखाचा सूर आहे.

पिल्ले मेली हे खरे. 2024 मध्ये मत्स्यबीज केंद्रातून सोडलेली चिनूक सॅमनची (समुद्रातून नदीत चढून अंडी घालणाऱ्या माशाची) सुमारे 8 लाख 30 हजार पिल्ले दगावली. पण त्याला धरण काढणे कारणीभूत नव्हते. त्या चारांपैकी आयर्न गेट धरणाच्या तळाशी असलेल्या बोगद्यातून जाताना पाण्याचा दाब एकदम बदलला आणि त्यांच्या अंगात वायूचे बुडबुडे धरले. म्हणजे पिल्ले मारली ती अजून उभ्या असलेल्या धरणाच्याच बोगद्याने. पुढची पिल्ले धरणाच्या खालच्या बाजूला सोडण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, चारही धरणे गेल्यावर, चिनूक मासे चढत चढत ओरेगन राज्यातल्या उपनदीपर्यंत पोचले. 1912 नंतर ते तिथे पहिल्यांदाच दिसले. लेखात याचा उल्लेख हवा होता.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. सुरुंग, यंत्रे, कोसळणारे काँक्रीट यांवर अर्धे पान खर्ची पडले आणि नंतरच्या कामावर दोन ओळीही नाहीत. माशांच्या दृष्टीने खरी गोष्ट तिथेच सुरू होते. सॅमनची मादी कुशीवर होऊन शेपटीच्या फटक्यांनी तळाची रेव उकरते, खड्ड्यात अंडी घालते आणि वरच्या अंगाची रेव उडवून ती झाकते. त्या रेवेच्या फटींतून गार, वाहते पाणी खेळत राहिले तरच अंडी जगतात. धरण ही रेव वरच अडवून ठेवते, त्यामुळे खालच्या पात्रात हळूहळू नुसते धोंडे उरतात आणि ते मादीच्या शेपटीला हलत नाहीत. भिंत गेली की रेव येते खरी, पण तिच्याबरोबर बारीक चिखलही येतो आणि त्याच फटी बुजवतो. सुरुवातीची काही वर्षे नदी गढूळ, कुरूप आणि माशांना जाचक असते. तेवढ्यावरून निकाल देऊन टाकणे अन्यायाचे आहे.

वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीचे उदाहरण घ्या. तिथली दोन धरणे 2011 ते 2014 या काळात काढली. मोठे होते 64 मीटर उंच. दोन्हींच्या मागे मिळून सुमारे 2 कोटी घनमीटर गाळ साचला होता. भिंती टप्प्याटप्प्याने उतरवल्या, मासे नदीत चढायच्या दिवसांत काम थांबवले. तरीही गाळाने पाणीपुरवठ्याची यंत्रणा तुंबली आणि मोठ्या धरणाचे काम जवळपास वर्षभर अडले. उघड्या पडलेल्या तळावर तण माजण्याआधी स्थानिक झाडे रुजावीत म्हणून बिया पेरल्या, रोपे लावली. पात्रात मुद्दाम ओंडक्यांचे अडसर रचले. ओंडक्याआड प्रवाह मंदावतो, डोह पडतो आणि पिल्लांना लपायला जागा मिळते. मासेमारीही बंद ठेवली. ज्या लोअर एल्वा क्लॅलम जमातीचा या माशांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क, तिनेही जाळी गुंडाळून ठेवली. कोहो सॅमनची मर्यादित मासेमारी तिला पुन्हा करता आली ती 2023 मध्ये.

एवढे करूनही चिनूक अपेक्षेइतके वाढलेले नाहीत आणि परतणाऱ्यांत बहुतांश मत्स्यबीज केंद्रात जन्मलेलेच आहेत, हे समर्थकांनीही मोकळेपणाने सांगायला हवे. उलट उन्हाळी स्टीलहेडने, म्हणजे समुद्रात जाऊन परतणाऱ्या रेनबो ट्राउट माशाने, सर्वांना चकित केले. धरणांच्या वर शतकभर कोंडलेल्या रेनबो ट्राउटच्या वंशात समुद्राची ओढ टिकून होती. वाट मिळताच ते समुद्रात जाऊन परत येऊ लागले, तेही कोणी बीज न सोडता. (मी संपादक असतो तर मथळा हाच दिला असता.)

धरण काढणे अंगाशी आल्याचा दाखला हवाच असेल, तर तो अमेरिकेतल्याच न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीवर मिळेल. तिथले फोर्ट एडवर्ड धरण 1973 मध्ये काढले, तेव्हा मागच्या गाळात कारखान्यांतून आलेली पीसीबी ही विषारी रसायने होती. ती गाळासकट खाली वाहत गेली आणि नदीचा तळ उपसून साफ करण्याचे काम 2015 पर्यंत चालले. धरणाला हात लावण्याआधी मागचा गाळ तपासायचा असतो, हा मुद्दा आपल्या लेखात कुठेच नाही.

क्लॅमथविषयीची दुरुस्ती कृपया छापावी. आणि धरण गेल्यावर दहा-पंधरा वर्षे मासे मोजत बसणाऱ्यांचा खर्च कोण उचलतो, निधी आटला की मोजणी कशी बंद पडते, यावर एखादा स्वतंत्र लेख द्यावा. पाडकामाला पैसे मिळतात, मोजणीला मिळवावे लागतात.

कळावे,
एक वाचक