दादाच्या पायाचं माप

प्लेन्सबरो, न्यू जर्सी
१८ जानेवारी

प्रिय सुभ्या,

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. फोनवर बोलणं होतंच, पण पत्राचं उत्तर पत्रानंच द्यायचं असं आपलं ठरलंय, आणि या वेळी सांगायचंही बरंच आहे. तू विचारलं होतंस, "त्या बर्फावरच्या हॉकीत तुला एवढं काय सापडलंय?" फोनवर मी उडवून लावलं. आज नीट सांगतो. शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, तेवढं मात्र मनावर घे.

आमच्या घरापासून गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर कार्नेगी लेक आहे. दोन नद्यांचं पाणी अडवून केलेला लांबलचक तलाव. अँड्र्यू कार्नेगीनं पैसे दिले आणि १९०६ साली तो प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मुलांना होड्या वल्हवण्यासाठी तयार झाला. कडाक्याची थंडी पडली की तो गोठतो. बर्फ पुरेसा जाड झाला की काठावर पांढरं निशाण चढतं, नाहीतर लाल. गेल्या रविवारी पांढरं होतं. मी काठावर उभा होतो. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा एकटाच स्टिक घेऊन घसरत होता. स्केटचं पातं बर्फ कापतं तेव्हा कसा आवाज येतो सांगू? आपल्या बाजारात कापडाचा व्यापारी मांजरपाट टर्रकन फाडायचा ना, तसा. तो आवाज आला की मला हटकून होबी बेकर आठवतो.

होबार्ट बेकर, सगळे होबी म्हणायचे. १८९२ साली फिलाडेल्फियाजवळ जन्मला. अकराव्या वर्षी त्याला आणि थोरल्या भावाला, थॉर्नटनला, न्यू हॅम्पशायरमधल्या सेंट पॉल्स नावाच्या निवासी शाळेत घातलं. तिथं तळी होती, लांब हिवाळा होता आणि हॉकी शिकवणारे माल्कम गॉर्डन होते. होबी रात्री गोठलेल्या तळ्यावर एकटा जायचा. अंधारात चकती दिसत नाही, म्हणून ती स्टिकला कशी लागते एवढ्यावरच ओळखायला शिकायचा. तीन इंच व्यासाची, इंचभर जाड, कडक रबराची काळी चकती, आणि तीही रात्री! आपल्याला जाधवसरांनी ध्यानचंदांच्या चांदण्यातल्या सरावाची गोष्ट सांगितली होती, आठवतं? ती ऐकून आपण दोघं रात्री शाळेच्या मैदानावर गेलो होतो. पुढे होबी खेळताना चकतीकडे बघतच नसे, मान वर ठेवून समोरच्याला जोखत पुढे सरकायचा.

१९१० साली तो प्रिन्स्टनला आला आणि पुढची चार वर्षं इथल्या हॉकीच्या संघाची झाली. पण त्या संघाकडे स्वतःचा बंदिस्त बर्फ नव्हता, सुभ्या! तळं गोठलं तर देव पावला म्हणायचं, नाही गोठलं तर सराव बुडाला. महत्त्वाचे सामने न्यूयॉर्कला, पन्नास मैलांवर, सेंट निकोलस रिंकमध्ये. तिथं अमोनियाच्या यंत्रानं मिठाचं पाणी गार करून नळ्यांतून खेळवायचे आणि त्यावर बर्फ धरवायचे. १८९६ पासून ते चालू होतं. पोरं इथून छोट्या गाडीनं जंक्शनला जायची आणि तिथून मोठ्या गाडीनं न्यूयॉर्कला. ती छोटी गाडी कितीदा मला ऑफिसला घेऊन गेलीय. मांडीवर स्केटची पिशवी, हातात स्टिका, अशी ती पोरं याच रुळांवरून गेली असणार, हे मनात आलं की पुस्तक मिटून मी बाहेर बघत बसतो.

आता खेळ कसा होता ते ऐक, कारण इथंच तुला आपली माती दिसेल. तेव्हा एका बाजूला सहा नव्हे, सात खेळाडू असत. सात! गोलरक्षक, त्याच्या पुढे बचावाचे दोघे, मधला, दोन बगलेचे आणि सातवा रोव्हर. रोव्हरला ठरलेली जागा नाही, लागेल तिथं त्यानं धावायचं. होबी रोव्हर होता. आणि नियम असा की चकती पुढे असलेल्या गड्याला देता येत नसे, फक्त बाजूला किंवा मागे. म्हणजे पुढे जायचं तर कुणीतरी चकती घेऊन स्वतःच घुसायचं, समोर सात जण. ही कबड्डीतली चढाईच की रे! दम धरून एकट्यानं आत जायचं, कोपऱ्यांवर नजर ठेवायची, एकाला हूल द्यायची, दुसऱ्याच्या अंगावरून निघायचं. बदली खेळाडू जवळजवळ नाहीतच, सुरुवातीला उतरले तेच शेवटपर्यंत. आजच्या हॉकीत मिनिटा-मिनिटाला गडी बदलतात. मला त्या सातांचं जास्त अप्रूप.

१९१३-१४ च्या मोसमात होबी कप्तान होता. त्या मोसमातला एक सामना मी इथल्या मित्रांना इतक्यांदा सांगितलाय की आता ते आधीच हसतात. २४ जानेवारी १९१४, बॉस्टन अरिना, समोर हार्वर्ड. हार्वर्डचे प्रशिक्षक राल्फ विन्सर पक्के डोकेबाज. तोवर बचावाचे दोघे एकामागे एक उभे राहायचे, विन्सर त्यांना शेजारी शेजारी उभे करायचे. एकट्यानं घुसणाऱ्यासाठी याहून वाईट काय? पहिल्याला चकवलं तरी दुसरा बाजूला आहेच. कबड्डीतली साखळी म्हण. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव संपले, बरोबरी. मग जादा वेळ, पहिला गोल करेल तो जिंकला. तरी सुटेना. सत्तर मिनिटांच्या पुढे गेला तो सामना, बदली जवळजवळ नसताना! पायात पेटके येत असतील, स्टिक उचलवत नसेल. शेवटी लेव्हरेट सॉल्टनस्टॉल नावाच्या हार्वर्डच्या पोरानं गोल मारला. २-१. हाच पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर आणि मग सिनेटर झाला. प्रिन्स्टन हरलं.

होबीची सवय अशी की सामना संपला की तो प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन प्रत्येकाशी हात मिळवून आभार मानायचा. त्याला लोक धरून, अडवून, काठ्यांनी मारून थांबवायचे, पण कॉलेजच्या सगळ्या काळात त्याच्यावर दंड एकदाच झाला. न्यूयॉर्कच्या रिंकबाहेर 'आज रात्री होबी बेकर खेळणार' अशी पाटी लागायची आणि श्रीमंतांच्या मोटारींची रांग. ती पाटी काढा, अशी त्यानं विनंती केली. संघ खेळतोय, मी एकटा नाही, म्हणून.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते लिहिताना मला जड जातं. शिक्षण संपल्यावर तो बँकेत लागला. तिथं त्याचा जीव रमला नाही. मग महायुद्ध, तो फ्रान्समध्ये वैमानिक झाला. स्वतःच्या तुकडीची विमानं त्यानं प्रिन्स्टनच्या केशरी-काळ्या रंगात रंगवून घेतली. युद्ध संपलं. २१ डिसेंबर १९१८, घरी परतायचा हुकूम हातात पडलेला. त्यानं शेवटचं एक उड्डाण करायचं ठरवलं, दुरुस्त केलेलं एक विमान तपासायला. इंजिन बंद पडलं. सव्वीस वर्षांचा होता. १९२३ साली प्रिन्स्टनमध्ये त्याच्या नावाचा दगडी रिंक बांधला. आता अमेरिकेतल्या कॉलेजच्या सर्वोत्तम पुरुष हॉकीपटूला दरवर्षी त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो.

त्या रिंकमध्ये मी पहिल्यांदा गेलो तो ऑफिसातल्या एका मुलाच्या आग्रहानं. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नंतर वाचत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. थांबलो म्हणजे त्या रात्री पुढे वाचलंच नाही.

१९०७ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. होबीच्या वडिलांचे पैसे बुडाले. दोन मुलांना कॉलेजात घालायची ऐपत राहिली नाही. होबी एक वर्ष शाळेतच जादा राहिला, तरी जमेना. तेव्हा थॉर्नटन म्हणाला, मी जात नाही, होबीला जाऊ दे.

कुठल्याही पाटीवर थॉर्नटनचं नाव नाही.

सुभ्या, तुला सांगायला नको. तू तिथं होतास. आमच्या दारातल्या लिंबाखाली तू, मी आणि दादा. माझा प्रवेशाचा कागद आलेला, आण्णा आजारी, दुकानावर कुणी नाही. दादा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता. विद्यापीठाच्या कबड्डी संघाच्या निवडीचं पत्र त्याच्या खिशात होतं. ते मला नंतर कळलं, तुला आधीपासून माहीत होतं. तो एवढंच म्हणाला, "अन्या, तुझं गणित माझ्यापेक्षा बरं आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकानाचं शटर उघडलं. त्यानंतर तेहतीस वर्षं तेच शटर.

आपल्यात चढाई त्याचीच होती. मी नुसता डाव्या कोपऱ्याला असायचो, तेही तो कप्तान म्हणून. आजही मी प्रिन्स्टनचा सामना बघायला बसलो आणि एखादं पोरगं एकटं चकती घेऊन घुसलं, की मला दिसतो तो दादाच. ती खांद्याची हूल, पाय मध्यरेषेकडे वळलेला पण मान अजून आत. इतकी वर्षं मी त्याला पैसे पाठवले, घराचा वरचा मजला बांधला, पुतणीच्या लग्नाला उभा राहिलो. पण हे कधी बोललो नाही. त्यालाही आवडणार नाही, विषय बदलेल. म्हणून बोलायचं नाही असं ठरवलंय. त्याला इथं आणायचं.

वहिनींनाही तिकीट काढणार आहे. व्हिसाचे कागद मी इथून करतो. पुढच्या डिसेंबरात दुकान तीन आठवडे सोन्या बघेल, माझं त्याच्याशी बोलणं झालंय. गुडघे दुखतात म्हणाला तर डॉक्टरांना मी आधीच विचारून ठेवलंय, हात धरून हळूहळू चालायला हरकत नाही म्हणाले. त्याला त्या दगडी रिंकमध्ये एक सामना दाखवायचा. आणि एका सकाळी, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या बर्फावर, मला त्याच्याबरोबर उतरायचंय. तळ्याचं निशाण पांढरं असलं तर तळ्यावरच.

इथं स्केट भाड्यानं मिळतात, पण त्यांची पुढची बाजू अरुंद असते आणि दादाचे पंजे तुला माहीत आहेत, आयुष्यभर चपलेत पसरलेले. म्हणून विकतच घेणार आहे. तुझं काम एवढंच. एखाद्या दुपारी दुकानात जा, त्याला कोऱ्या कागदावर उभं कर. बसून नको, उभं, म्हणजे भार पडून पाय खरा पसरेल. दोन्ही पाय पेन्सिलीनं आखून घे. पेन्सिल सरळ उभी धर. डावा अंगठा आखताना जपून, तो मोडलाय, करवीरच्या फायनलला. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढ आणि पाठव.

कशासाठी म्हणून विचारेल. चप्पल पाठवतोय म्हण.

तुझा,
अन्या