सूर्य मावळायच्या आत

शरणपूर, नाशिक
रविवार, रात्री

प्रिय सुधीर,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. पहाटेची प्रार्थना चुकते, शास्त्र वाचताना मन दुकानात असतं, आपल्याच्याने पवित्र जीवन काही जगवत नाही, असं तू लिहिलंस. तुझी तळमळ वाचून मला भरून आलं. पण उत्तर लिहायला बसलो आणि माझंच पितळ उघडं पडलं.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेचा हिशेब मी बघतो, हे तुला माहीत आहेच. फळासाठीची गोडी छाटणी ऑक्टोबरात उरकली, आता घडांची विरळणी चालू आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया दिवसभर मांडवाखाली हात वर करून कात्रीने एकेक मणी काढतात. त्यातल्या एका मावशींच्या अंगठ्याला कात्रीच्या कडीने घट्टा पडलाय, त्यावर त्या चिंधी गुंडाळतात. मजुरी शनिवारी. मागच्या शनिवारी मला नाताळच्या गाण्यांच्या सरावाला पोचायचं होतं. सुटे नव्हते, घाई होती. "सोमवारी देतो, मावशी," म्हणालो आणि गाडीला किक मारली.

त्या रात्री तुला लिहायचं म्हणून बायबलमधलं लेवीय १९ उघडलं. "तुम्ही पवित्र असा" हे वचन तिथे सुरुवातीलाच, दुसऱ्या ओळीत आहे. आजवर मी तिथेच थांबायचो. पुढे वाचत गेलो. शेताच्या कडेचं पीक कापू नका, द्राक्षमळ्यात पडलेले मणी गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, तराजू खरा ठेवा. आणि तेराव्या वचनात, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. माझ्या पिशवीत ते पैसे होते, सुधीर. मी त्याच तोंडाने दोन तास देवाची स्तुती गाऊन आलो होतो. रात्रभर डोळा लागला नाही.

मला वाटतं, आपला घोटाळा शब्दापासूनच होतो. 'पवित्र' म्हटलं की आपल्या मनात नकळत सोवळंच येतं: शिवू नका, दूर राहा. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर इथलंच, जलालपूरचं. वडिलांच्या सोवळ्यापायी त्या घराचे किती हाल झाले ते त्यांनीच लिहून ठेवलंय. आपण मात्र चर्चमध्ये येऊन नवं सोवळं पाळतो, प्रार्थनेचं आणि उपासाचं. प्रभूने तर कुष्ठरोग्याला हात लावला.

आणि मी राहतो कुठे? शरणपुरात! गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं १९व्या शतकात इथे राहिली, शिकली. १८७३ साली आफ्रिकेत फिरणारे मिशनरी लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. माणसाला फुकट राबवून घेणं म्हणजे काय, हे या वस्तीइतकं कोणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी, रविवारी उपासना संपताच बागेवर गेलो. मावशी चुलीपाशी होत्या. पैसे मोजून हातात दिले, माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काल शेजारणीकडून पीठ आणलं, भाऊ. तेवढं आधी परत करते." ते वाटीभर पीठ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

प्रार्थना सोड असं मी म्हणत नाही. वेलाशी जोडलेला नसेल तर फाट्याला फळ कुठलं? योहान १५ आपण लहानपणी पाठ केला, पण छाटणीनंतर ओलांड्यावरून, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवरून, पाणी टपकताना पाहिलं तेव्हा मला तो कळला. तेव्हा पहाटे पाचच मिनिटं मिळाली तरी बस. पण इब्री १२:१४ पुन्हा वाच. सर्वांबरोबर शांतीने राहणं आणि पवित्रीकरण, दोन्हींसाठी झटा, असं एकाच वचनात सांगितलंय. तुझ्या धाकट्या भावाशी जागेच्या वाटणीवरून दोन वर्षं बोलणं नाही. पत्रात तू त्याचं नावही काढलं नाहीस. मित्र म्हणून विचारतो, मन प्रार्थनेत न लागण्याचं मूळ तिथे तर नसेल? रागावू नकोस. मीही आठ दिवसांपूर्वीच शहाणा झालोय.

काल दुपारीच सुटे आणून ठेवले. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची मजुरी दिली. सरावाला पोचलो तेव्हा दुसरं गाणं चालू होतं. मागच्या बाकापाशी उभा राहिलो आणि तिथूनच सूर धरला.

नाताळला ये. धाकट्यालाही घेऊन आलास तर दोघांची जेवणं आमच्याकडेच. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश