शाळेच्या जागेचा ठराव करण्याआधी तीन खड्डे घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा आणि गोदावरीला आलेल्या पुराचे पाणी मराठवाड्यातल्या अनेक शाळांच्या वर्गांत शिरले. निजामकालीन शाळांच्या जागी नव्या इमारती उभारण्याचा विषयही आधीपासून चालू आहे. त्यामुळे येत्या काळात गावोगाव शाळेसाठी जागा पाहिली जाईल. ही पाहणी बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने होते, म्हणून हे पत्र.

जी जमीन फुकट आहे आणि जिच्यावर कोणाचा डोळा नाही, ती ग्रामपंचायत दाखवते. ग्रामसभा ठराव करते. मग अभियंता येतो, टेप लावतो आणि नेहमीच्या पायाचे अंदाजपत्रक करतो. जमिनीच्या पोटात काय आहे ते कंत्राटदाराचा जेसीबी पाया खोदायला लागतो तेव्हा कळते. तोवर प्रशासकीय मान्यता होऊन रक्कम ठरलेली असते. पाया खोल न्यायचा तर वाढीव खर्चाची मंजुरी लवकर येत नाही. मग चार खोल्यांच्या तीन होतात, किंवा संरक्षक भिंत यादीतून जाते. कधी पाया अर्ध्यातच थांबवला जातो, आणि त्याची किंमत पुढची तीस वर्षे मुले मोजतात.

आपली भारी काळी जमीन कापूस-सोयाबीनला चांगली, भिंतीला वाईट. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात अशा रानातल्या भेगेत हात जातो. ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते. म्हणून दीड मीटरवर थांबवलेला पाया दरवर्षी थोडा वर, थोडा खाली होत राहतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, फरशी मधे उचलते, दार चौकटीत अडकते. दुरुस्तीत चिरेवर सिमेंट भरतात. दोन पावसाळ्यांनी ती त्याच जागी पुन्हा दिसते, कारण दोष खाली पायात असतो.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे माळाचा उतार. वरच्या अंगाला हातभर मातीखाली कडक मुरूम आणि खालच्या अंगाला आठ फूट काळी, अशी जमीन वरून एकसारखी दिसते. त्यावर लांबट इमारत घेतली की एक टोक मुरमावर घट्ट बसते, दुसरे हलत राहते आणि मधली खोली फाटते. म्हणून मधोमध घेतलेल्या एका खड्ड्याचा उपयोग नाही. इमारत जिथे येणार तिच्या दोन्ही टोकांना एक-एक आणि मध्यावर एक, असे किमान तीन खड्डे हवेत. कडक मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खोदावे. तो लागलाच नाही तर निदान तीन मीटर तरी जावे. जेसीबीला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. माती किती फुटांवर बदलली, पाणी कुठे लागले, जुनी भर किंवा राख निघाली का, हे प्रत्येक खड्ड्यासमोर लिहून फोटो घ्यावा. काळ्या मातीच्या खड्ड्याच्या कडा अचानक ढासळतात. त्यामुळे आत कोणी उतरू नये आणि संध्याकाळपर्यंत खड्डा बुजवून टाकावा. गावातल्या वयस्क माणसांना एक प्रश्न अवश्य विचारावा, इथे कधी विहीर किंवा खदान होती का? बुजवलेल्या विहिरीवर आलेला कॉलम खचतो. गढीच्या पायथ्याची पांढरी मातीही भराचीच असते, तिच्यावर विसंबू नये.

मातीची फुगवण तपासायची चाचणी साधी आहे. वाळवून चाळलेली प्रत्येकी १० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेतात. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल घालून २४ तास ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही, म्हणून दोन्हींतल्या फरकावरून टक्केवारी निघते. ती ५० च्या वर गेली तर साधा पाया विसरावा. मग तळाशी फुगा काढलेले, सुमारे साडेतीन मीटर खोल पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्यावे लागतात. त्यांच्यावरचा बीम जमिनीपासून साधारण ८० मिलिमीटर वर ठेवतात, म्हणजे फुगणारी माती त्याला खालून ढकलत नाही. यातले काही फार अवघड नाही, पण सगळे अंदाजपत्रकात पहिल्यापासून असावे लागते. भिंतीभोवती दीड मीटर रुंद पक्की फरशी हवी, छताचे पाणी पायापासून लांब नेले पाहिजे, आणि नीलगिरी-सुबाभूळ भिंतीजवळ लावायची नाही. इतकी काळजी घेतली तर काळ्या रानातही शाळा टिकते. तरीही त्याच गावात मुरमाड जागा मिळत असेल तर तीच घ्यावी, मग तिच्यासाठी थोडे पैसे मोजावे लागले तरी हरकत नाही.

या भागात पायाबद्दल ढिलाई चालत नाही, याचे आणखी एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती माणसांवर कोसळल्या. भूकंपाचे बल मोजताना शाळेच्या इमारतीसाठी 'महत्त्व गुणांक' १.५ धरतात. म्हणजे साध्या घराच्या दीडपट बलासाठी तिचे डिझाइन करायचे. खालची जमीन कोणत्या प्रकारची आहे हे माहीत नसताना हे गणित मांडताच येत नाही.

आता पाण्याचे. नदीकाठच्या गावांत निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. शाळा लाल रेषेच्या बाहेरच हवी, कारण पुरात गाव तिथेच आसरा घेते. लहान ओढ्यांना मात्र अशी रेषा आखलेली नसते. तिथे २०२५ च्या पाण्याची खूण घराच्या भिंतीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर पाहून जोत्याची उंची ठरवावी. आणखी एक गोष्ट पाहणीत नेहमी निसटते. जागा उंचावर असते, पण गाव आणि शाळा यांच्यामध्ये नळकांडी पूल असतो. त्या नळ्यांत कापसाच्या पऱ्हाट्या आणि उसाचे पाचट अडकले की तासाभराच्या पावसात पाणी रस्त्यावरून वाहू लागते आणि पहिलीची मुले पलीकडे अडकून पडतात. म्हणून पाहणी दोनदा व्हावी. एकदा मे महिन्यात भेगा आणि बोअरचे पाणी पाहायला, आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, मुले ज्या पांदणीने येणार त्या पांदणीने पायी चालत. शिक्षण हक्क नियमांनुसार प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक ३ किलोमीटरच्या आत हवी. हे अंतर वाडी-तांड्यावरून चालायच्या वाटेने मोजावे, नकाशावर पट्टी ठेवून नव्हे.

बोअर असेल तर पाण्यातले फ्लोराइड आणि नायट्रेट तपासून घ्यावे. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर आणि नायट्रेट ४५ च्या वर चालत नाही. स्वच्छतागृहाचा शोषखड्डा भारी काळ्या जमिनीत पाणी शोषत नाही, तुंबतो. तो मुरमाच्या अंगाला आणि बोअरपासून निदान १५ मीटर लांब हवा. जागेवरून ११ किंवा ३३ केव्हीची वाहिनी जात असेल तर छतापासून ३.७ मीटर उभे अंतर लागते. आडवे अंतर ११ केव्हीला १.२ मीटर आणि ३३ केव्हीला २ मीटर लागते. उद्या वरचा मजला चढवायचा असेल तर त्या उंचीपासून मोजा. मैदानाचेही मोजूनच घ्यावे. खो-खोला २७ बाय १६ मीटर आणि कबड्डीला १३ बाय १० मीटर, शिवाय भोवती मोकळी जागा लागते. इमारत बसली म्हणजे जागा पुरली असे समजू नये.

कागदाकडे सातबारापासून बघावे आणि 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचावा. गायरान शासनाचे आहे, ग्रामपंचायत फक्त ते सांभाळते. त्यामुळे नुसत्या ठरावाने ते शाळेचे होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मराठवाड्यात देवस्थान इनाम आणि खिदमतमाश (धर्मस्थळाच्या सेवेसाठी दिलेल्या) जमिनी पुष्कळ आहेत. कसणाऱ्याने त्या कितीही मनापासून देऊ केल्या तरी दान करण्याचा अधिकार त्याला नाही. कुळाच्या जमिनीला १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याचे बंधन आहे का, ते तलाठ्याकडून लेखी घ्यावे. खाजगी दानाची जमीन असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र, मोजणीची 'क' प्रत आणि फेरफार होऊन सातबारावर जिल्हा परिषदेचे नाव, हे तिन्ही हातात आल्याशिवाय कुदळ मारू नये. तोंडी दिलेल्या जागेवर पुढे नातवंडे दावा लावतात आणि शाळेच्या फाटकाला कुलूप लागते. जागा देणाऱ्याचा मोठेपणाही त्यात वाया जातो.

जिल्हा परिषदांना विनंती एवढीच आहे. गटशिक्षणाधिकारी, बांधकाम उपविभागाचे अभियंते आणि शाळा व्यवस्थापन समितीचे पालक यांनी एकत्र पाहणी करावी. निदान दोन पर्यायी जागांचे खड्ड्यांचे मोजमाप, पुराची खूण, वाटेचे अंतर आणि सातबारा एका तक्त्यात मांडून तो ग्रामसभेच्या सात दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. ठराव त्यानंतर व्हावा. आणि खड्ड्यांची हीच नोंद निविदेच्या नकाशावरही छापावी, म्हणजे पाया किती खोल जायला हवा हे पालकांनाही टेप लावून पाहता येईल.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, लातूर जिल्हा