मुक्ता, रात्री निघू नका

चिपळूण, ५ मार्च २०२५

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास. "आई, एनएसएसच्या मॅडमसारखी बोलू नकोस," म्हणालीस. आता मी आहेच एनएसएसची मॅडम, त्याला काय करू? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. गाडीचा विषय काढणार नाही, असं बाबांना कबूल केलंय.

आधी चांगलं बोलते. स्प्रिंग ब्रेकला, म्हणजे कॉलेजच्या मार्चमधल्या सुट्टीत, बरोबरची पोरं फ्लोरिडाच्या समुद्रावर निघालेली असताना तू कॉलेजच्या गटाबरोबर पदरचे पैसे भरून नॉर्थ कॅरोलायनात, पुरात बुडालेल्या दुसऱ्याच्या घरातली बुरशी घासायला चालली आहेस. आजीने अख्ख्या आळीला सांगून टाकलंय, "आमची मुक्ता अमेरिकेचा गाळ काढायला चाललीय." शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा तुझ्या नावाचा वेगळा नारळ ठेवणार आहे म्हणे. मी काही बोलले नाही, पण स्टाफरूममध्ये विषय मीच काढला, हेही खरं.

डोंगरातला पूर तुला कोणी शिकवायला नको. हेलीन वादळ २६ सप्टेंबरला रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं आणि दुसऱ्या दिवशी समुद्रापासून इतक्या लांब, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात घरं वाहून गेली. आधीच्या पावसाने जमीन भरलेली, उतार तीव्र, खोरं अरुंद. पाणी जायला दुसरी वाट नाही. ॲशव्हिलला फ्रेंच ब्रॉड नदी २४.६७ फुटांवर गेली, १९१६ सालच्या पुराच्याही वर. २२ जुलै २०२१ला आपल्या वाशिष्ठीने जे केलं त्याचंच मोठं रूप.

पण तुम्ही पाच महिन्यांनी जाताय. पहिल्या आठवड्यात नुसता अंगात जोर असला तरी भागतं. गाळ बाहेर, सामान बाहेर, भिजलेली भिंत कापून बाहेर. आता उरलंय ते वाळवणं, घासणं आणि भिंती बंद करणं, आणि घरं बिघडतात ती या शेवटच्या कामात. तिकडची घरं लाकडी सांगाड्याची. साधारण दर १६ इंचांवर उभा खांब आणि त्यावर जिप्समची पाटी. खांब हाताला कोरडा लागतो आणि आतून ओला असतो. पाटी ठोकून रंग मारला की ओल आत कोंडते आणि काही आठवड्यांत भिंतीच्या आतल्या अंगाला काळी बुरशी धरते. तोवर तुम्ही परतलेले असता, रंगवलेल्या भिंतीपुढचा ग्रुप फोटोही टाकून झालेला असतो. घरातल्या दमेकरी म्हाताऱ्याला मात्र खोकला कुठून आला ते कळत नाही.

म्हणून मीटर लावल्याशिवाय एकही पाटी चढवू देऊ नकोस. दोन टाचण्यांचं ओलाव्याचं मीटर असतं. उभ्या खांबाच्या मध्यावर लावून "झालं, वाळलं" म्हणतात. तसं नको. जमिनीलगत जी आडवी पट्टी असते तिच्यात टोच, कारण पाणी तिथे साचतं आणि ती सगळ्यात शेवटी वाळते. खिडकीखाली आणि कोपऱ्यातही बघ. आकडा १५ टक्क्यांच्या आत हवा. १९ आला तर पंखे आणि ओलावा ओढणारं यंत्र लावून ती खोली सोडायची आणि दुसरी धरायची, मग लीडर कितीही घाई करो. आकडा आणि तारीख मार्करने खांबावरच लिही. तुमच्या मागून येणाऱ्या टोळीला तुमची वही मिळणार नाही, खांब मिळेल.

बुरशीवर ब्लीच ओतायची सगळ्यांना हौस. लाकडावर ते वरचा रंग घालवतं आणि त्यातलं पाणी आत मुरतं. तारेच्या ब्रशने घासायचं, बारीक धूळ धरणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं, मग बोरेटचं, म्हणजे बुरशी रोखणाऱ्या क्षाराचं, पाणी मारायचं. ब्लीच कुठे वापरलंच तर त्यात अमोनिया असलेलं क्लीनर चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. पाटी लावताना खाली जमिनीपासून अर्धा इंच सोडा, नाहीतर उद्या लादी पुसली तरी पाटीचा कागद पाणी वर ओढतो. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत जावं, कागद फाटू नये. फाटला तर तो स्क्रू काही धरत नाही, शेजारी दुसरा मारायचा. चार बाय आठची एक पाटी २५ किलोच्या आसपास भरते. ती दोघींनी उचलायची, एकटीने नाही. तुझी कंबर मला माहीत आहे.

घराखालची सरपटत जायची जागा कोणी सांगितली तर आधी चार गोष्टी विचार: वीज बंद आहे का, गॅस बंद आहे का, साप-विंचवाचं कोणी बघितलंय का, आणि बाहेर तोंडाशी कोण थांबणार आहे. एकटीने आत जायचं नाही. वरच्या जमिनीच्या आडव्या तुळयांमधलं भिजलेलं फायबरग्लासचं अस्तर अंगावर पडतं, तेव्हा पूर्ण बाह्यांचा अंगरखा हवा. मास्क एन-९५, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला, कापडी नको. चष्म्यावरून गॉगल. १९७८च्या आधीचं घर असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो रंग घासायचा नाही. ९ इंची चौकोनी जुन्या फरशा दिसल्या तर त्या उखडायच्या नाहीत, त्यांत बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस निघतं. विचारायला लाजू नकोस. जनरेटर घरापासून २० फूट लांब. मार्चमध्ये तिथे रात्री थंडी असते, दारं लावून घ्यायचा मोह होतो आणि धूर आत येतो. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नाही.

टिटॅनसचं बघितलं. सोळाव्या वर्षीचं टीडीचं, म्हणजे टिटॅनस-घटसर्पाचं, इंजेक्शन तू २०२१ला घेतलंयस. घाणीतल्या जखमेला पाच वर्षांची मुदत धरतात, म्हणजे तू आत आहेस. तरी खिळा पायात गेला तर कार्डाचा फोटो डॉक्टरला दाखव. फोटो पाठवतेय. बुटाचा तळवा जाड असू दे, स्नीकर्स घालून खिळ्यांत जाऊ नकोस.

आणि ती पंधरा आसनी व्हॅन. सगळ्या जागा भरल्या की मागची माणसं मागच्या चाकांच्याही पलीकडे बसतात. वजन वर जातं आणि मागे जातं. चालकाने स्टिअरिंग झटक्यात फिरवलं की ती उलटते. अमेरिकेच्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्यानेच इशारे दिलेत: दहाच्या वर माणसं बसली की उलटण्याचा धोका बराच वाढतो. कित्येक विद्यापीठांनी ती गाडीच बंद केलीय. सामान टपावर नको, माणसं आधी पुढच्या बाकांवर, आणि शेवटच्या बाकावरच्यानेही पट्टा लावायचा. झोपताना सैल करतात, तसा नाही. तू म्हणतेस तुझ्याकडे व्हॅन चालवायचं प्रशिक्षण झाल्याचं सर्टिफिकेट आहे. ते दिवसाउजेडी, पार्किंगच्या मोकळ्या मैदानात मिळालेलं आहे.

बाबांना कबूल केलं होतं ते इथे मोडलं. जाऊ दे.

घरमालकाशी कसं वागायचं, ते तुला २०२१मध्येच कळलं. आपल्या पुरात मदतीला लांबून आलेल्या त्या चांगल्या पोरांनी आजीची ट्रंक "खराब झालीय" म्हणून गाळाच्या ढिगावर टाकली, आणि तू ओटीवर बसून त्यातले नानांचे फोटो एकेक करून साध्या पाण्यात धुतलेस. चिकटलेले ओढले नाहीस, पाण्यातच सुटू दिलेस, चेहरा वर करून वर्तमानपत्रावर ठेवलेस. तेव्हा तुझी अकरावीची ऑनलाइन गडबड चाललेली, आणि तू तीन दिवस मोबाइलला हात लावला नव्हतास. नानांचा तो पांढऱ्या टोपीतला फोटो अजून देवघराशेजारी आहे, त्याची एक कड तपकिरी झाली आहे. आजी ती कड बोटाने पुसत राहते, जाणार नाही हे माहीत असूनही.

मी सांगत होते ते असं, की घरातली कुठलीही वस्तू टाकण्याआधी विचारा, आणि एकदा नाही, दोनदा विचारा. माणूस पहिल्यांदा "टाका सगळं" म्हणतो ते थकव्याने. कागद आणि फोटो वेगळ्या टोपलीत. धुवायला वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे, नंतर सावकाश सोडवता येतात. विम्याचं किंवा सरकारी मदतीचं काम बाकी असेल, तर फेकायच्या प्रत्येक गोष्टीचा फोटो आधी मालकाने काढायचा. तुमचे फोटो मात्र त्यांच्या परवानगीशिवाय नकोत. त्यांच्या फाटक्या स्वयंपाकघरापुढे हसत उभं राहायचं नाही. आणि कोणी गप्पा मारायला लागला तर ब्रश खाली ठेव. अर्धा तास काम कमी झालं तरी चालेल.

या सहलींबद्दल माझ्या मनात शंका आहेत, तुला ठाऊक आहेत. व्हॅनचं भाडं, पेट्रोल, तुमचं खाणं या सगळ्याचे पैसे तिथल्या सुताराला दिले तर भिंत चांगली उभी राहते. पण घासायला आणि खालचा चिखल ओढायला सुतार कशाला अडकवायचा? ते काम तुमचं. त्या पलीकडे आपण कोणाचं आयुष्य उभं केलं, असं रात्रीच्या गोलात बसून बोलायला लागले तर तू झोपायला जा. हे पुन्हा भाषण झालं. माझी वर्गात उभं राहून बोलायची सवय, तू तरी किती ऐकणार.

व्हिसाचं थोडक्यात. धर्मादाय संस्थेत विनामोबदला काम तुम्हाला चालतं, पण कामाच्या बदल्यात कोणी पैसे किंवा गिफ्ट कार्ड देऊ केलं तर घेऊ नकोस. काही शंका असली तर निघण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचार. पासपोर्ट, आय-२० (विद्यार्थी असल्याचा कागद) आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) पाणी न लागणाऱ्या पाकिटात, अंगाजवळ.

खायला पोह्यांचा चिवडा आणि मेतकूट नेशील ना? सांडग्यांचा डबा उघडलास की व्हॅनमध्ये वास कोंडेल, तो नको.

आता गाडीचं शेवटचं, खरंच शेवटचं. तुम्ही शनिवारी रात्री १०ला ओहायोतल्या कोलंबसहून निघून पहाटे पोचणार, असं तू म्हणालीस. आठेक तास. तीन चालक, त्यातली एक तू. मुक्ता, त्याच रात्री २ वाजता तिथली घड्याळं तासभर पुढे जातात. तुमच्या कागदावर जी झोप दिसते, त्यातला एक तास तसाच गेला. पहाटे २ ते ६ ही डोळा लागायची वेळ, आणि तेव्हाच तुम्ही डोंगरात शिरणार. नॉक्सव्हिलवरून गेलात तर पिजन नदीच्या घळीतला आय-४० महामार्ग आत्ता कुठे, १ मार्चला उघडलाय, तोही एका बाजूला एकच मार्गिका, ३५ मैलांचा वेग, आणि शेजारी मोठे ट्रक. पोचून सोमवारी सकाळी हातात पॉवर ड्रिल. रविवारी तसंही नुसतं नाव-गाव-ओळख आणि हेल्मेटवाटप असणार. मग रविवारी सकाळी सहाला निघा. दुपारी तीनपर्यंत पोचता. दर दोन तासांनी चालक बदला, शेजारच्याने जागं राहायचं आणि बोलत राहायचं. येतानाही हेच. किंबहुना येताना जास्त, कारण तेव्हा सगळी दमलेली असतात आणि सोमवारी वर्ग असतात.

दादाच्या कशेडी घाटातल्या रात्रीचं मी काढत नाहीय. तू म्हणशील काढलंच. बरं.

तुझ्या लीडरला माझं नाव सांगू नकोस, तुला लाज वाटेल. हिशोब मात्र सांग: एक तास, तीन चालक, दहाच्या वर माणसं. मुलगी हुशार दिसते फोटोत, समजेल तिला. आणि नाहीच ऐकलं त्यांनी, तर रात्री तू चालवू नकोस, एवढं तरी कर. नाही म्हणणं हेही स्वयंसेवकाचं कामच आहे. हे मी माझ्या पोरांना दर शिबिरात सांगते आणि तीही ऐकत नाहीत.

तुझी,
आई

ता. क. बाबा आत्ताच गॅरेजवरून आले आणि पत्र वाचून "मी कुठे काही बोललो?" म्हणाले. मग चहा घेता घेता सांगितलं की भाड्याच्या व्हॅनच्या टायरवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाच. २३१८ असतील तर तो २०१८ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. सहा वर्षांहून जुना निघाला तर गाडी बदलून माग. स्टेपनीचाही बघ, ती कोणी बघत नाही.