बंदूक पण जमा करा आणि तोंड पण बंद ठेवा?

संपादक साहेब, नमस्कार.

निवडणूक लागली की आमच्या राजापूर तालुक्यात निरोप येतो, बंदूक ठाण्यात आणून द्या. शेती संरक्षणाचा परवाना, ठासणीची बंदूक, आजोबांच्या वेळेपासून घरात आहे, तिच्यावर कधी एक केस नाही, तरी जमा. २०२४ चंच बघा, १६ मार्चला आचारसंहिता, ७ मेला आमच्याकडे मतदान आणि ४ जूनला निकाल, म्हणजे काजू आणि आंब्याचा ऐन सीझन बंदूक ठाण्यात आणि वांदर बागेत. परत १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, तेव्हा भात कापणीला आलेलं आणि रात्री रानडुकरं. हवेत एक बार काढला तर टोळी पळते हो, डबे बडवून दोन दिवस भागतं, तिसऱ्या दिवशी माकडं ढिम्म हलत नाहीत, बागेत येऊन बघा एकदा.

बरं कायदा तरी असं सांगतो का? मुंबई हायकोर्टाने सरसकट जमा करायला नको म्हटलंय, २००९ मध्ये निवडणूक आयोगानेही सांगितलं की स्क्रीनिंग कमिटी बसवा, जामिनावर सुटलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, दंगलीत अडकलेले यांचं तपासा. एकेकाचं तपासायचं, सगळ्यांचं उचलायचं नाही. पण गावापर्यंत येताना त्याचं सरसकटच होतं आणि कारण विचारलं तर म्हणे वरून ऑर्डर आहे.

आणि ही सवय जुनी आहे. लॉर्ड लिटनने १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे आणले, एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा आणि दुसरा आर्म्स ॲक्ट. इंग्रजी पेपर मोकळे, मराठी-बंगाली छापणाऱ्यावर बडगा, आणि बंदुकीचा परवाना हिंदी माणसाला लागणार, गोऱ्याला सूट! वर्तमानपत्रांचा कायदा रिपनने १८८२ ला काढला, बंदुकीचा मात्र थेट १९५९ ला बदलला. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना केसरीतल्या लेखांसाठी १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला पाठवलं. काँग्रेसने १९३१ ला कराचीत जो मूलभूत हक्कांचा ठराव केला त्यात मत मांडण्याचा हक्क होता आणि नियमांत राहून शस्त्र बाळगण्याचाही होता, हे आज किती जणांना माहीत आहे? घटनेत शस्त्राचा हक्क आला नाही, मान्य, अमेरिकेसारखं मला काही नकोय, परवाना लागलाच पाहिजे, दारू पिऊन दंगा करणाऱ्याला मिळूच नये. पण दिलेला परवाना कारण न सांगता काढून घ्यायचा हे मला पटत नाही.

बोलण्याचं तर घटनेत लिहिलंय ना, कलम १९. तरी २०१२ ला पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातली एक तर फक्त लाईक करणारी. त्या अटकेत लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ ला रद्द केलं. पण एप्रिल २०२३ ला आमच्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा काय झालं? जमावबंदी, उन्हात रस्त्यावर आडव्या झालेल्या बायकांना उचलून गाडीत घातलं, राजू शेट्टींना जिल्ह्यातच यायला बंदी. रिफायनरी हवी की नको यावर गावात दोन मतं आहेत, असूदेत, पण आपल्या जमिनीबद्दल बोलायला मज्जाव करायचा? आजही कोणी व्हॉट्सॲप ग्रुपवर रस्त्याबद्दल चार ओळी टाकल्या की ॲडमिनला समज द्यायला बोलावतात, मग ॲडमिन घाबरून ग्रुपच बंद करतो. मेंबरच्या पोस्टसाठी नुसत्या ॲडमिनला दोषी धरता येत नाही हे नागपूर खंडपीठाने २०२१ लाच सांगितलंय, ते ठाण्यात कोणी वाचलंय का.

आमचं मागणं एवढंच की बंदूक घेताना माझ्या नावाने कारण लेखी द्या, स्क्रीनिंग कमिटीने काय बघितलं ते दाखवा, आणि निकाल लागला की आठ दिवसांत ती परत द्या, हेलपाटे घालायला लावू नका. आणि पोस्टवरून कोणाला नोटीस दिलीत तर ती कुठल्या वाक्यासाठी आहे तेही नोटिशीतच लिहा.

— एक बागायतदार, राजापूर तालुका